खाली ये

मी एक चादर आहे, आणि तीही सोलापुरी. हे दुसरं मुद्दाम सांगतेय, कारण हल्ली मला पाहून कोणाला ते ओळखू यायचं नाही. चंदीगडच्या एका सेक्टरात, शहतूताच्या, म्हणजे तुतीच्या, झाडाखाली इस्त्रीवाल्याची हातगाडी उभी असते. तिच्या फळीवर मला चौघडी घालून अंथरलेलं आहे. दिवसभर माझ्या अंगावरून कोळशाची इस्त्री फिरते आणि परक्या लोकांच्या शर्टांच्या कॉलरी सरळ होतात. दोन ठिकाणी मी चांगलीच करपलेय. इस्त्रीवाला वाईट माणूस नाही, पण बिडी ओढताना त्याचं लक्ष नसतं.

माझा जन्म मागावरचा. धोटा इकडून तिकडे पळायचा आणि मी इंचाइंचाने मोठी व्हायची. एका बाजूने निळ्या रंगावर पांढरी वेल, पलटली तर पांढऱ्यावर निळी. मला उलटी बाजू नाही. कोणती सुलटी, हे मला विणणाऱ्यालाही सांगता आलं नसतं, आणि या गोष्टीचा मला त्या वयात फार तोरा होता.

मला विकत घेतलं बार्शीच्या वसुधाबाईंनी. त्यांचे यजमान विश्वनाथराव केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. सहासष्ट सालच्या अखेरीला त्यांची बदली चंदीगडला झाली. पंजाबची नुकतीच वाटणी झाली होती, शहर केंद्राच्या ताब्यात आलं होतं, आणि कुठकुठून माणसं आणून कचेऱ्या भरणं चाललं होतं. "तिकडची थंडी हाडात शिरते," असं ज्याने त्याने सांगितलं. घरात एकुलता एक शशी, चौदा वर्षांचा, जरा गार वारा लागला की शिंकणारा. वसुधाबाईंनी दुकानातल्या सगळ्या चादरी दोन बोटांत धरून पाहिल्या आणि मला उचललं. "ही जाड आहे," म्हणाल्या. माझं एवढंच कौतुक झालं, पण मला पुरलं.

चंदीगडला गेल्यावर मात्र माझी चांगलीच जिरली. तिथल्या रजया कापूस खाऊन गलेलठ्ठ झालेल्या! शेजारच्या हरभजन कौरनी मला चिमटीत धरून विचारलं, "भैनजी, ये तो गर्मी की है ना?" वसुधाबाईंना ते लागलं. त्यांनीही रजया केल्या, पण शशी काही मला सोडेना. रजईच्या आत, अंगाला लागून, मीच असायची. त्याच्या पायाच्या अंगठ्याने माझ्या एका कोपऱ्याला पाडलेलं भोक अजून आहे.

पोरगा तिथल्या हवेत वाढला आणि त्याची जीभ वळली. "आई, मी बाजार जाऊन येतो." "आई, सब्जी खतम झाली." वसुधाबाई हसून सुधारायच्या, "अरे, बाजार नव्हे, बाजारात. आणि सब्जी नव्हे, भाजी संपली." तो म्हणायचा, "तेच तर बोललो ना यार!" आईला यार म्हटल्याबद्दल एक चापट बसायची. पुढे त्या सुधारायच्या थांबल्या. घरात एक असं मराठी तयार झालं की जे बार्शीला कोणाला कळलं नसतं, आणि आम्हाला त्याचं काहीच वाटेनासं झालं.

शाळा संपली आणि शशी फौजेत भरती झाला. विश्वनाथरावांना तो कचेरीत हवा होता. वसुधाबाईंनी मला धुऊन त्याच्या ट्रंकेत घातलं. त्याने मला परत काढलं. "तिथे कंबल देतात आई. ही इथे ठेव. मी आलो की मला लागेल."

त्याची नेमणूक लडाखच्या बाजूला, उंच ठाण्यावर झाली. आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरून रात्री डोंगरावरच्या कसौलीचे दिवे दिसतात. शशी तिथे नाही, त्याच्याही पलीकडे पुष्कळ दूर आहे, हे वसुधाबाईंना ठाऊक होतं. तरी त्या दिव्यांकडे पाहून म्हणायच्या, "वर बर्फ पडलं असेल." कोणी विचारलं तर सांगायच्या, "मुलगा वर असतो. सुट्टी मिळाली की खाली येतो." वर आणि खाली, या दोन शब्दांवर घर चालायला लागलं होतं.

एकाहत्तरच्या गणपतीत तो सुट्टीवर आला. नेमका त्याच आठवड्यात हरभजन कौरचा थोरलाही आला होता. त्याने आईला शाल आणली, शेजारीपाजारी वाटायला अक्रोड आणले. शशीने काही आणलं नव्हतं. पगार त्याने कोणा आजारी सोबत्याला दिला होता, पण हे पुढे कळलं, तेव्हा तो बोलला नाही. आणि वसुधाबाई मात्र शेजारणींच्या देखत, हातात शेजारचेच अक्रोड घेऊन, बोलून गेल्या: "आमचा बघा, पलटणीतून हात हलवत आला!"

सगळ्या हसल्या. शशीही हसला. त्या रात्री तो माझ्याखाली जागा होता. माझी किनार त्याने मुठीत धरली होती, लहानपणी धरायचा तशी.

निघायच्या दिवशी सकाळी वसुधाबाई माझी घडी घालत होत्या. तो खांद्याला पिशवी लावून दारात उभा राहिला.

"दिवाळीला येशील ना रे?"

"आता मी खाली येणार नाही, आई. पक्का."

त्यांचा हात माझ्यावरच थांबला. "येणार नाहीस?"

"अजिबात खाली येणार नाही. बघशील तू."

आणि वर हसला! वसुधाबाईंचा चेहरा उतरला. आठ दिवस जीव तोडून केलं, आणि चार बायकांत थट्टा केली म्हणून हा घरी यायचंच सोडतो? त्या भडकल्या. "मग नकोच येऊस खाली!"

शशी आणखीच मोठ्याने हसला. त्याने टाच आपटून सलाम ठोकला, "जी, सरकार!" आणि गेला. बस-अड्ड्यावर पोहोचवायला एकटे विश्वनाथराव गेले.

मीही तेच ऐकलं जे वसुधाबाईंनी ऐकलं. मी सोलापूरची, मला दुसरं काय ऐकू येणार?

दिवाळीत तो आला नाही. सगळ्यांच्याच सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, पण वसुधाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. "तो सांगूनच गेलाय," एवढं म्हणाल्या. त्याची कार्डं यायची. विश्वनाथराव उत्तर लिहून विचारायचे, "तुझं काही?" त्या मानेनेच नाही म्हणायच्या.

मग लढाई सुरू झाली. रात्री भोंगा वाजला की शहर काळंठिक्कर व्हायचं. खिडकीतून दिव्याची तिरीपही बाहेर जाऊ नये म्हणून मला खिडकीवर ठोकलं. माझ्या एका बाजूला अंधार आणि एका बाजूला कंदील, आणि कंदिलापाशी रेडिओला कान लावून बसलेली दोन माणसं. डिसेंबर संपायच्या आत लढाई जिंकली. रस्त्यात ढोल वाजले, लाडू वाटले गेले. खिळे काढून मला उतरवलं, त्याच दिवशी तार आली. शशिकांत लापता आहे, असं तिच्यात होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कांगड्याकडचा एक जवान भेटायला आला, रोशनलाल. शशीच्या ठाण्यावरचाच. पाण्याचा पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

"बर्फ का तूफान आनेवाला था जी. हुकुम मिला, नीचे उतरो. हम सब उतर रहे थे. शशी आधे रास्ते से मुड़ गया. मैंने कहा, पागल है क्या? बोला, माँ ने कहा है, खाली नहीं आना."

विश्वनाथरावांनी डोळे मिटले. वसुधाबाई उठून आत आल्या. पलंगावरून मला ओढलं, घडीसुद्धा न घालता ट्रंकेत कोंबलं, आणि ट्रंकेवर बसून राहिल्या. मग नकोच येऊस खाली, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि पोराने आईचा शब्द पाळला होता.

हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? विश्वनाथरावही त्या दिवसावर कधी बोलले नाहीत. एका घरात दोन माणसं जेवत होती, झोपत होती, आणि मधोमध ट्रंक होती.

मी ट्रंकेतून बाहेर आले ती एका सिनेमामुळे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात सतरा सेक्टरातल्या थिएटरात 'आसमानसिंग' लागला. गोष्ट लढाईचीच. एका मेंढपाळावर वीज पडते, आणि मरायच्या ऐवजी तो उडायलाच लागतो. मग निळी चादर पाठीवर टाकून सरहद्दीवर जातो, तोफेचे गोळे हातात झेलतो आणि तेजाब नावाच्या दुष्टाच्या डोक्यात घालतो. मी स्वतः चादर असल्यामुळे एक सांगते, चादरीने कोणी उडत नाही. पण शहराला कोण समजावणार! न्हाव्याच्या दुकानात आसमान-कट निघाला. शिंप्यांनी निळं कापड संपवलं. कॉलेजची पोरं चहाच्या टपरीवर हमरीतुमरीवर यायची, की आसमानसिंग मोठा की तेजाब, आणि सिनेमातल्या नर्सचं लग्न शेवटी कोणाशी व्हायला हवं होतं. एका म्हातारीने पोस्टरला टिळा लावला. तेजाबच्या पोस्टरवर इतकं शेण बसलं की त्याचा चेहराच दिसेना. आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार तेवढे संतापायचे. "मैंने लड़ाई देखी है. वहाँ कोई नहीं उड़ता!" असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटाच्या रांगेत दिसायचे.

एका दुपारी वसुधाबाईंनी ट्रंक उन्हात रिकामी केली, कसर लागू नये म्हणून. मी तारेवर पडले होते, निळी बाजू वर. हरभजन कौरची धाकटी पम्मी, नऊ-दहा वर्षांची, माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आंटीजी, ये तो आसमानसिंग की है!"

"माझ्या मुलाची आहे," वसुधाबाई मराठीतच म्हणाल्या.

"बस एक बार, आंटीजी. मैं धो के दूँगी."

नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला तारेवरून काढलं, पम्मीच्या गळ्याशी गाठ मारली आणि म्हणाल्या, "पडू नकोस."

तेव्हापासून रोज दुपारी मी समोरच्या बागेत धावायला लागले. पम्मीच्या मागे दोन हात जमिनीवरून फरफटत जायची, काटेकुटे गोळा करायची. खरं सांगू? दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांत काढल्यावर मला ते फार आवडलं. वसुधाबाई वेताचा मुढा टाकून उन्हात बसायच्या. सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता, पण खेळ पाहून सगळा पाठ झाला. एक पोर तेजाब व्हायचं, रडतरडत, कारण ते कोणालाच नको असायचं. एक मुलगी म्हातारी आई व्हायची, तिचा शिपाई मुलगा बर्फात हरवलेला. हरवलेला मुलगा म्हणजे पम्मीचा सगळ्यात लहान भाऊ. त्याने झाडामागे गप्प बसायचं. त्याचं नावच पडलं होतं लापता. आणि पम्मी म्हाताऱ्या आईपुढे छाती काढून ओरडायची, "माँ, मैं खाली नहीं आऊँगा!" मग धावत सुटायची, झाडामागून भावाला उचलून आणायची, आणि सगळी पोरं टाळ्या पिटायची.

त्या ओळीला वसुधाबाई दर वेळी दचकायच्या. कधी उठून आत जायच्या.

एके दिवशी लापता कंटाळून घरी निघून गेला. पम्मी झाडामागे गेली तर तिथे कोणी नाही, फक्त त्याची एक चप्पल. ती तेवढीच घेऊन आली आणि चप्पल उंच धरून ओरडली, "लापता तो मिला नहीं, पर मैं खाली नहीं आई!"

वसुधाबाईंना राहवलं नाही. "खाली तो तू है ही. ऊपर कहाँ गई थी?"

पोरं हसत सुटली. पम्मीला आंटीजींची दया आली. तिने चप्पल खाली ठेवली आणि दोन्ही पंजे उघडून दाखवले. "ये देखो, आंटीजी, खाली." मग चप्पल उचलली. "अब देखो. खाली नहीं. कुछ लेके आई हूँ ना?"

वसुधाबाईंना तो शब्द येत नव्हता असं नाही. रॉकेलवाल्याला रोज सांगायच्या, "डिब्बा खाली है." पण तो बाजारचा शब्द होता. घरात, मुलाच्या तोंडून, उंबऱ्यात, तो त्यांनी मराठीच ऐकला.

त्या मुढ्यावरून उठल्या. पम्मीच्या गळ्याची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. पम्मी विचारत होती, "आंटीजी, मैंने कुछ गलत बोला?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला छातीशी धरलं आणि घरात आल्या.

विश्वनाथराव कचेरीतून आले तेव्हा घरात दिवा नव्हता.

"अहो, शशी म्हणाला होता ना, मी खाली येणार नाही. ते म्हणजे… रिकाम्या हाताने?"

विश्वनाथराव टोपी हातात धरून उभे राहिले. "मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, घरी येणार नाही म्हणतो. मी म्हटलं, नकोच येऊस."

"अगं…" ते खुर्चीवर बसले. "म्हणून तू त्याला लिहायचं सोडलंस?"

"आणि तुम्ही? तुम्हाला कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"बस-अड्ड्यावर मलाही तो तेच म्हणाला. तुला ठाऊक आहे असंच मी धरून चाललो. तू हात हलवत आला म्हणालीस, ते त्याच्या मनाला लागलं. रिकाम्या हाताने यायचं नाही, म्हणून वर राहिलेलं काहीतरी घ्यायला तो परत गेला. हे तुला बोलून दाखवायचं? तुला आणखी कशाला जाळू, असं वाटलं मला."

"काय आणायला गेला असेल हो?"

"कोण जाणे. असेल काहीतरी. अक्रोड असतील."

वसुधाबाईंनी माझ्यात तोंड खुपसलं. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता. इतके दिवस त्या धरून बसल्या होत्या की पोरगा रागाने गेला. रागाचं एक बरं असतं, आपण उलट रागावू शकतो. आता तेवढाही आधार गेला. तो हसत गेला होता. आईने "मग नकोच येऊस खाली" म्हटलं, त्यालाही ती थट्टाच वाटली, आणि मूठभर अक्रोडांसाठी तो तुफानात मागे फिरला. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"मला तो सिनेमा बघायचाय," दोन दिवसांनी त्या म्हणाल्या.

विश्वनाथरावांनी समजावून पाहिलं. मग तिकिटं काढली. थंडी कडक होती, वसुधाबाईंनी मला अंगाभोवती घट्ट गुंडाळलं. त्या चादरीवरून दारावरच्या माणसाने थट्टा केली, "माताजी भी आसमानसिंग!" लोक प्रेमाने हसले.

आत नुसती जत्रा होती. आसमानसिंग दिसला की पडद्यावर नाणी उडायची. तेजाब आला की शिव्या, शिट्ट्या, एकाने बूटसुद्धा फेकला. पोरं खुर्च्यांवर उभी. गोळा झेलला की पाचपन्नास हात एकदम झेलायला वर जायचे. वसुधाबाई हलल्या नाहीत. मग ती म्हातारी आई आली, आसमानसिंग तिच्या पायाशी वाकला, आणि सगळं थिएटर गप्प झालं, कारण सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं.

"माँ, मैं खाली नहीं आऊँगा!"

टाळ्या वाजायच्या आत वसुधाबाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून घसरले. दोन्ही हात पडद्याकडे पसरून त्या ओरडल्या, "खाली ये! अरे, खालीच ये रे! खाली आ जा!"

इतका मोठा आवाज त्या घशातून मी कधी ऐकला नव्हता. विश्वनाथराव त्यांना खाली ओढत होते. मागून कोणी म्हणालं, "बैठ जाओ, माताजी." आणि पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांना वाटलं, ही म्हातारी आपल्याहून मोठी शौकीन दिसतेय. एकाने शिट्टी मारली आणि तिच्याच सुरात हाक दिली, "खाली आ जा!" दुसऱ्याने उचलली. बघता बघता सगळं थिएटर हसत, पाय आपटत ओरडायला लागलं, "खाली आ जा! खाली आ जा!" पडद्यावर आसमानसिंग बर्फातून उडत येत होता, दोन्ही हातांवर त्या आईचा मुलगा, आणि इकडे टाळ्यांचा पाऊस. वसुधाबाई खुर्चीत माझ्याखाली डोकं घालून बसल्या होत्या.

पोरांनी तिकडे कशाला पाहायचं? त्यांची मजा चालली होती. त्यांना मी दोष देत नाही.

पण ती हाक राहिली. दुसऱ्या दिवशीच्या खेळालाही पोरांनी ती दिली, म्हणतात. मग रोज. आसमानसिंगने वचन द्यायचं आणि चंदीगडच्या पोरांनी ओरडायचं, खाली आ जा. तिथून ती रस्त्यावर आली. गच्चीवरच्या मित्राला बोलवायचं तर खाली आ जा. पतंग कापला, खाली आ जा. बागेतल्या खेळातही ती शिरली. वसुधाबाई स्वयंपाकघरात असायच्या, बाहेरून हाक यायची आणि त्या हातातलं टाकून दाराशी जायच्या. पम्मीच्या लक्षात आलं, तिने पोरांना दटावलं. पण सगळ्या शहराला ती एकटी कुठे दटावणार!

अठ्ठ्याहत्तरला विश्वनाथराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. त्यांनी बार्शीची तिकिटं काढायचं म्हटलं तर वसुधाबाई म्हणाल्या, "तो खाली आला तर कुठे येईल?" विश्वनाथरावांनी वाद घातला नाही. शहराला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारामागे एक खोली घेतली. गल्ली अरुंद, पण गच्चीवरून डोंगर जवळ दिसायचे. संध्याकाळी वसुधाबाई मला पांघरून गच्चीवर उभ्या राहायच्या आणि दिवे लागले की हळूच म्हणायच्या, "खाली ये रे." त्या शब्दाला आता कोणता अर्थ होता, मला विचारू नका. उतरून ये म्हणत होत्या की काही न आणता ये म्हणत होत्या, ते त्यांनाही वेगळं करता आलं नसतं.

दोन वर्षांनी, थंडीतच, त्या गेल्या. शेवटच्या रात्री मी त्यांच्या अंगावर होते. सकाळी माणसांनी मला बाजूला केलं आणि पांढरं कापड घातलं. विश्वनाथराव एका पिशवीनिशी बार्शीला निघाले. जाताना त्यांनी जुन्या सेक्टरात येऊन आपल्या इस्त्रीवाल्याला मला दिलं. "मोटी है. टिकेगी," म्हणाले. माझं कौतुक पुन्हा तेवढंच झालं.

यंदा 'आसमानसिंग' परत लागलाय. पोरं शर्ट इस्त्रीला टाकतात आणि घाई करतात, शो चुकेल म्हणून. नवी पोरं आहेत, त्या वेळी पाळण्यात असतील. पण ती ओळ आली की काय ओरडायचं हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. ती हाक कोणाची, हे कोणाला माहीत नाही. सिनेमातच आहे, असं त्यांना वाटतं.

तुमच्यापैकी कोणाचं माणूस दूर निघालं असेल, तर दारात उभं राहून त्याला काय आणशील असं विचारू नका. आणि तो काही बोलून गेला, तर मागे धावत जाऊन विचारा, म्हणजे काय रे? बस सुटली तरी चालेल. जुन्या चादरीचं एवढं ऐका.

संध्याकाळ झालीय. इस्त्रीवाल्याने निखारे विझवलेत. बागेत पोरं ओरडताहेत, खाली आ जा, खाली आ जा. मला उठून दाराशी जाता येत नाही.

शशी, ऐकतोयस ना? आई तुलाच बोलावत होती. काही आणू नकोस, बाळा. खाली ये. मी थोडी करपलेय, पण जाड आहे. अजून तुला पांघरता येईल.